रंगमंचावरची रात्र दिसते कशी?

तिसरी घंटा होते, प्रेक्षागृहातले दिवे मंदावतात, पडदा सरकतो. समोर एक दिवाणखाना आहे. मध्यरात्र झालेली आहे, घर झोपलेलं आहे आणि एक बाई अंधारात येऊन खिडकीशी उभी राहते. रात्र असल्याचं बाल्कनीतल्या शेवटच्या रांगेलाही कळतं, आणि त्याच रांगेला त्या बाईचा चेहरा, तिने आवरलेला हुंदका, पदराशी चाललेला बोटांचा चाळाही दिसतो. नीट विचार केला तर या दोन गोष्टी एका वेळी घडायला नकोत. काळोख असेल तर चेहरा दिसू नये, आणि चेहरा दिसत असेल तर त्याला काळोख म्हणू नये. पण हे कोणालाच खटकत नाही. पुढच्या अंकात दिवाणखाना तोच, सोफा तोच, भिंतीवरची तसबीरही तीच असते. तरी सकाळ झाल्याचं पहिल्या वाक्याआधीच सगळ्यांना उमगलेलं असतं.

या कोड्याचं नेहमीचं उत्तर असं की मशाली गेल्या, वीज आली, दिवे शक्तिशाली झाले आणि मग असे परिणाम साधू लागले. हे उत्तर अपुरं आहे. नुसता प्रखर दिवा रंगभूमीच्या फारसा उपयोगाचा नसतो. जो दिवा हवा तेव्हा मंद करता येतो, हव्या त्या कोनातून टाकता येतो आणि नको तिथून हटवता येतो, तोच तिच्या कामाचा. गेल्या साडेचारशे वर्षांचा रंगप्रकाशाचा इतिहास पाहिला, तर प्रत्येक मोठी झेप उजेड वाढल्यामुळे कमी आणि तो ताब्यात आल्यामुळे जास्त घडलेली दिसते. अंधार कुठे आणि किती ठेवायचा हे माणसाच्या हातात आलं, तेव्हा प्रकाशयोजना ही कला झाली.

डोळा तुलना करतो

आपला डोळा उजेड मोजत नाही, त्याची तुलना करतो. भर उन्हातून घरात आलं की खोली काळोखी वाटते, आणि दहा मिनिटं बसलं की तिथेच वर्तमानपत्र वाचता येतं. खोलीतला उजेड तेवढाच असतो, सरावलेला असतो तो डोळा. बाहुली काही क्षणांत रुंदावते. पण दृष्टिपटलातल्या पेशींना कमी उजेडाशी जुळवून घ्यायला कित्येक मिनिटं लागतात, आणि त्यांचा पूर्ण सराव व्हायला अर्धा तासही जाऊ शकतो. प्रेक्षागृहातले दिवे हळूहळू मंद करत नेतात त्यामागे हेही कारण आहे. आणि म्हणूनच आधीचा प्रवेश भरपूर उजेडात झालेला असेल, तर नंतरचा मध्यम उजेडही डोळ्याला रात्रीसारखा वाटतो.

यावरून त्या खिडकीशी उभ्या बाईचं कोडं अर्धं सुटतं. प्रकाशयोजनाकाराने तिच्या चेहऱ्यावरचा उजेड फारसा काढलेलाच नसतो. काढलेला असतो तो तिच्या भोवतीचा. भिंतींचे वरचे भाग, खोलीचे कोपरे, रिकाम्या खुर्च्या अंधारात जातात आणि उजेडाचा एक लहानसा पट्टा खिडकीच्या बाजूने तिच्या गालावर येतो. मंचाचा बहुतेक भाग काळा दिसल्यामुळे मेंदू सगळ्या जागेला रात्र ठरवतो, आणि डोळा मात्र उजळ ठिपक्याकडे ओढला जाऊन चेहरा वाचत राहतो.

उरलेलं अर्धं उत्तर रंगात आहे. उजेड खूप कमी झाला की डोळ्याची लाल रंगाची जाण आधी मंदावते, निळ्या-हिरव्याची टिकून राहते. यान पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात ही गोष्ट नोंदवली. चांदणं म्हणजे चंद्रावरून परतलेलं ऊनच. उपकरणाने तपासलं तर ते उन्हापेक्षा किंचित तांबूस भरतं. तरी आपल्याला ते निळसर भासतं, कारण त्या वेळी आपला डोळाच निळ्याकडे झुकलेला असतो. रंगमंचावरच्या रात्रीसाठी दिव्यापुढे निळा जिलेटिन कागद लावण्याची पद्धत चावून चोथा झालेली आहे हे खरं, पण तिचं मूळ लहरीत नाही, दृष्टीच्या शास्त्रात आहे.

ज्योत आणि तिची अडचण

ज्योतीचा उजेड चहूकडे सांडतो आणि अंतराबरोबर झपाट्याने विरतो. अंतर दुप्पट झालं की वस्तूवर पडणारा उजेड चौथाई उरतो, तिप्पट झालं की नवव्या हिश्शावर येतो. दिव्यांच्या इतिहासातले बरेच चमत्कारिक प्रकार या एका नियमामुळे घडले. मेणबत्ती किंवा तेलाची पणती नटाच्या चेहऱ्यापासून लांब ठेवून चालत नव्हती, म्हणून ती मंचाच्या पुढच्या काठावर त्याच्या पायाशी मांडली गेली. हेच फुटलाइट्स. खालून येणारा उजेड निसर्गात जवळजवळ कुठेच नसतो. त्यामुळे हनुवटी उजळ, डोळ्यांच्या खोबणी विचित्र आणि नाकाची सावली कपाळाकडे चढलेली, असे चेहरे युरोपच्या प्रेक्षकांनी दोनअडीचशे वर्षं पाहिले. मंचावर टांगलेल्या झुंबरांतून मेण ठिबके आणि धुराने डोळे चुरचुरत. वातीची काजळी कापायला माणूस मध्येच मंचावर येई, आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे.

पण या दिवसांतही काही जणांना नेमकं सूत्र सापडलं होतं. सोळाव्या शतकात इटलीतल्या मांतुआच्या दरबारात नाटकं बसवणाऱ्या लेओने दे सोम्मी याने लिहून ठेवलंय, की एका शोकांतिकेत त्याने सुरुवातीला मंच झगझगीत ठेवला आणि पहिली दुःखद घटना घडताक्षणी बरेचसे दिवे झाकले नाहीतर विझवले. प्रेक्षक हादरले. दे सोम्मीने एकही नवा दिवा आणलेला नव्हता. होता तो उजेड कमी केला, आणि त्याला अर्थ आला. १६३८ साली निकोला साब्बात्तिनी याने नाट्ययंत्रांवरच्या पुस्तकात याचीच यांत्रिक रीत दिली. प्रत्येक मेणबत्तीच्या वर पत्र्याचं एकेक नळकांडं दोरीने टांगायचं, सगळ्या दोऱ्या कप्प्यांवरून नेऊन बाजूला एका ठिकाणी आणायच्या, आणि तिथल्या माणसाने त्या सैल सोडल्या की नळकांडी एकदम खाली उतरून ज्योती झाकतात. दोर ओढले की पुन्हा उजेड. एका माणसाने सबंध मंचाचा उजेड कमीजास्त करण्याची कल्पना विजेच्या शोधाआधी कितीतरी वर्षं कागदावर उतरली होती.

लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात नट आणि व्यवस्थापक डेव्हिड गॅरिकने १७६५ साली मंचावरची झुंबरं काढून टाकली आणि विंगांमागे परावर्तक लावलेले दिवे ठेवले. पुढच्या दशकात त्याने नेमलेल्या लूथरबूर्ग या चित्रकाराने दिव्यांपुढे रंगीत रेशीम धरून आकाशाचे रंग पालटवले. प्रकाशाचा उगम प्रेक्षकाच्या नजरेआड गेला, ही मला यातली खरी महत्त्वाची गोष्ट वाटते. ज्योत दिसत असली की डोळा तिच्याशीच अडकतो आणि बाकीचं काळं पडतं. ती लपली की तिने उजळलेली वस्तू दिसू लागते.

एक तोटी, शेकडो ज्योती

१८१७ साली लंडनच्या मोठ्या नाट्यगृहांत मंचावर गॅसचे दिवे आले. प्रत्येक ज्योतीकडे जाणारी नळी एका फळ्यावर आणलेली असे आणि त्या फळ्यावरच्या तोट्या एका माणसाच्या हातात. साब्बात्तिनीच्या दोरांचं काम आता चावी फिरवून होऊ लागलं. नटनिर्माता हेन्री अर्व्हिंगने १८७८ नंतर लायसियम नाट्यगृहात हे तंत्र कळसाला नेलं. तो प्रकाशाच्या स्वतंत्र तालमी घेई, काचा लाखेने रंगवून घेई, आणि प्रयोग चालू असताना प्रेक्षागृह काळोखं ठेवी. आज ही गोष्ट इतकी गृहीत आहे, की त्याआधीचे प्रेक्षक झगझगीत झुंबरांखाली बसून एकमेकांचे कपडे न्याहाळत नाटक पाहत हे मुद्दाम सांगावं लागतं. १८७६ साली जर्मनीतल्या बायरॉइटच्या आपल्या नव्या नाट्यगृहात संगीतकार वाग्नरनेही प्रेक्षागृह अंधारात बुडवलं होतं.

गॅसच्या जोडीला आणखी एक दिवा होता, आणि तो आपल्याकडच्या गॅसबत्तीचा नातलग आहे. कळीच्या चुन्याच्या कांडीवर ऑक्सिजन आणि हायड्रोजनची ज्योत सोडली की चुना वितळत नाही, पांढरा शुभ्र तळपतो. थॉमस ड्रमंडने १८२० च्या दशकात आयर्लंडच्या जमीनमोजणीत दूरच्या टेकड्यांवरून खुणा दिसाव्यात म्हणून हा दिवा वापरला. १८३७ साली तो लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये मंचावर आला. त्याचं नाव लाइमलाइट. तो चालवायला प्रत्येक दिव्यामागे एक माणूस लागे: ज्योतीने चुन्यात खळगा पडतो म्हणून त्याला कांडी सतत थोडी थोडी फिरवावी लागे, दोन्ही वायूंचं प्रमाण सांभाळावं लागे आणि भिंगाची दिशा नटाबरोबर हलवावी लागे. या दिव्याचा उजेड भिंगाने एकवटता येत होता, म्हणून तो लांबून टाकता आला. अंतराच्या नियमाने नटाच्या पायाशी जखडलेला प्रकाश पहिल्यांदा तिथून सुटला आणि चालत्या माणसाच्या मागे चालू लागला. पुढे गॅसबत्तीच्या जाळीदार मँटलमध्ये थोरियम आणि सिरियमची भस्मं अशीच ज्योतीत तापून तळपू लागली. आपल्या तमाशाच्या फडांना आणि गावोगावच्या नाटकांना याच बत्त्यांनी अनेक वर्षं उजेड दिला.

आग ही गॅसची भयानक बाजू होती. १८६२ साली पॅरिसच्या ऑपेरात तालीम चालू असताना एमा लिव्री या तरुण नर्तिकेच्या झग्याला गॅसच्या ज्योतीने पेट घेतला. काही महिन्यांनी ती त्या भाजण्यानेच गेली. ८ डिसेंबर १८८१ रोजी व्हिएन्नाच्या रिंग थिएटरला लागलेल्या आगीत ३८० हून अधिक माणसं मेली. त्यानंतर वीसच दिवसांनी, २८ डिसेंबरला, लंडनच्या सॅव्हॉय थिएटरचा मंच विजेच्या दिव्यांनी उजळला. प्रेक्षागृहात ते ऑक्टोबरपासूनच होते. मालक रिचर्ड डॉयली कार्टने जोसेफ स्वानचे सुमारे १२०० बल्ब बसवून घेतले होते आणि शेजारच्या मोकळ्या जागेत वाफेच्या इंजिनावर वीज तयार होत होती. त्या दिवशी कार्ट स्वतः प्रेक्षकांसमोर आला, एक पेटता बल्ब मलमलीत गुंडाळला आणि हातोडीने फोडला. मग त्याने ते कापड उलगडून दाखवलं. त्यावर जळल्याचा डागसुद्धा नव्हता. रिंग थिएटरची बातमी ताजी असताना प्रेक्षकांना वीज पटवून द्यायला याहून चांगला युक्तिवाद नव्हता.

तरी वीज आली म्हणजे सगळं सुधारलं असं घडलं नाही. लायसियममध्ये अर्व्हिंग नसताना विजेचे फुटलाइट्स बसवले गेले, तेव्हा त्यांचा चेहऱ्यांवरचा परिणाम पाहून एलन टेरी या श्रेष्ठ अभिनेत्रीने त्याला गॅस परत आणायची गळ घातली, आणि त्याने तो खरंच परत आणला. याला म्हाताऱ्यांचा हट्ट म्हणून हसणं चुकीचं होईल. गॅसवर त्या मंडळींनी तपश्चर्या करून पूर्ण ताबा मिळवला होता, आणि वीज अजून कोणाच्या आज्ञेत आलेली नव्हती. त्यांनी जास्त उजेडापेक्षा जास्त ताबा निवडला, आणि रंगभूमीच्या दृष्टीने त्यांची निवड बरोबर होती.

रंगवलेली सावली आणि खरी सावली

ॲडॉल्फ आपिया या स्विस विचारवंताने १८९९ च्या आपल्या ग्रंथात रंगभूमीच्या एका मूलभूत विसंगतीवर बोट ठेवलं. मागे कापडावर झाडं, खांब, कमानी रंगवलेल्या आहेत आणि त्यांच्या सावल्याही रंगवलेल्या आहेत. पुढे हाडामासाचा नट उभा आहे. नटावर बाजूने उजेड टाकला तर त्याची खरी सावली पडद्यावर पडून रंगवलेला राजवाडा नुसतं कापड आहे हे उघडं पाडते. म्हणून रंगवलेल्या पडद्यांच्या रंगभूमीवर प्रकाश सपाटच ठेवावा लागतो: सगळीकडे सारखा, बिनसावलीचा. आपियाने प्रकाशाचे दोन प्रकार मानले. एक पसरट, जो नुसतं दिसण्यापुरता असतो, आणि दुसरा आकार घडवणारा, जो सावली पाडतो. त्याचं म्हणणं असं, की नट त्रिमित आहे, तर त्याच्याभोवती पायऱ्या, चौथरे, खांब खरे उभे करा आणि त्यांच्यावर सावली पाडणारा प्रकाश सोडा.

आपल्या रंगभूमीला हा मुद्दा नेमका लागू पडतो. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं तेव्हा मंचाला तेलाच्या दिव्यांचाच आधार होता. १८८० च्या ‘संगीत शाकुंतल’नंतर संगीत नाटकं बहरली, तेव्हा त्यांच्या वैभवात राजवाडा, अरण्य, रस्ता यांच्या रंगवलेल्या पडद्यांचा मोठा वाटा होता. त्या पडद्यांपुढे प्रकाश सपाट ठेवण्यात त्या मंडळींचं काही चुकलं नाही. पडदाच तशी मागणी करत होता. शिवाय पंप मारून पेटवायची बत्ती मनात आलं की अर्ध्यावर आणता येत नाही. म्हणून वेळ बदलल्याचं सांगायला पडदा, पद किंवा संवाद लागे. १९३३ साली नाट्यमन्वंतर या संस्थेच्या ‘आंधळ्यांची शाळा’ने रंगीत पडदे बाजूला सारून तीन भिंतींचा दिवाणखाना उभा केला. इतिहासात ती घटना नेपथ्यातला आणि अभिनयातला बदल म्हणून नोंदली जाते. पण खोली खरी झाल्याबरोबर खिडकीतून उजेड आत येण्याची सोयही मराठी नाटकात झाली, याकडे फारसं लक्ष जात नाही.

पुढे या सोयीला नाटककारांनीच कामाला लावलं. तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये शेवटी बाकीची पात्रं जागच्या जागी थिजतात आणि नायिका बेणारे बोलू लागते. ते बोलणं कोर्टातलं नाही, तिच्या मनातलं आहे. घड्याळातला काळ थांबून आतला काळ सुरू झालेला आहे. जागा बदलत नाही, वेश बदलत नाही, तरी प्रेक्षकाला हे क्षणात कळायला हवं. अशा ठिकाणी प्रकाशयोजना सजावट राहत नाही. ती संहितेतलं एक वाक्य होते.

चौकट : मंचावरचे नेहमीचे दिवे

फ्लडला भिंग नसतं, त्याचा उजेड नुसता पसरतो. मागच्या पांढऱ्या पडद्यावर, म्हणजे सायक्लोरामावर, आकाश रंगवायला तो बरा. फ्रेनेलमध्ये वर्तुळाकार पायऱ्या पाडलेलं हलकं भिंग असतं. ओग्युस्तँ फ्रेनेलने ते दीपगृहांसाठी घडवलं. त्याच्या झोताच्या कडा मऊ असतात, म्हणून दोन झोत एकमेकांत मिसळतात. प्रोफाइलचा झोत धारदार कडांचा, आणि आतल्या पात्यांनी तो दाराच्या आकाराचाही कापता येतो. त्यात नक्षी कापलेली चकती टाकली की जमिनीवर झाडाच्या पानांची सावली पडते. पार या दिव्यात आरसा, तार आणि काच एकाच बंद तुकड्यात असतात. स्वस्त, दणकट, झोत लांबट. अलीकडचे हलते एलईडी दिवे दिशा, रंग आणि आकार संगणकाच्या सूचनेवर बदलतात.

कोन काय सांगतो

दिवा कुठून येतो यावर त्याचा अर्थ ठरतो. समोरून सरळ टाकला तर चेहरा स्वच्छ दिसतो, पण नाकाचा उंचवटा, गालाची खोल रेष पुसली जाऊन तो सपाट होतो. डोक्यावरून टाकला तर डोळे खोबणीत हरवतात आणि माणूस एकाकी, दडपलेला वाटतो. पाठीमागून टाकला तर केस आणि खांद्यांच्या कडेला प्रकाशरेषा उमटते आणि नट मागच्या भिंतीपासून सुटा होतो. बाजूचा उजेड शरीराची गोलाई दाखवतो, म्हणून नृत्याला तो फार मानवतो. येल विद्यापीठात शिकवणाऱ्या स्टॅन्ली मॅककँडलेस यांनी १९३२ च्या छोट्या पुस्तकात या सगळ्याची व्यवहार्य रीत बसवून दिली. मंचाचे भाग पाडायचे. प्रत्येक भागावर समोरून, डावीउजवीकडून, ४५ अंशांच्या कोनात वरून दोन दिवे टाकायचे. एक उबदार पिवळट, दुसरा थंड निळसर. यामागे रोजचा अनुभव आहे. उघड्यावर उभ्या माणसाच्या एका गालावर पिवळं ऊन असतं आणि दुसऱ्या गालावर आकाशाचा निळसर उजेड. मॅककँडलेसची रीत आज जशीच्या तशी क्वचितच वापरली जाते, पण ती मोडायची तरी आधी यावी लागते.

मंद करणं म्हणजे काय करणं

आता ताब्याच्या मूळ यंत्राकडे, डिमरकडे. जुन्या पंख्याचा डबीएवढा रेग्युलेटर आठवा. पंखा हळू केला की तो गरम व्हायचा, कारण वाचलेली वीज त्याच्या आतल्या तारेत उष्णता होऊन जायची. सुरुवातीचे डिमर असेच होते; काही ठिकाणी तर मिठाच्या पाण्याच्या भांड्यात धातूची पट्टी वरखाली करून वीज कमीजास्त करत, आणि ते पाणी अक्षरशः उकळायला लागे. मग रोहित्राच्या तत्त्वावरचे डिमर आले, आणि १९६० च्या दशकापासून थायरिस्टरचे. थायरिस्टर वीज अडवून तापत बसत नाही. आपल्या घरातला विद्युतप्रवाह सेकंदाला ५० आवर्तनं करतो, म्हणजे त्याच्या १०० अर्ध्या लाटा येतात. थायरिस्टर अशा प्रत्येक अर्ध्या लाटेचा सुरुवातीचा काही भाग कापून टाकतो आणि उरलेला जाऊ देतो. दिव्याची तार इतक्या झटपट थंड होत नाही, म्हणून आपल्याला उघडझाप न दिसता नुसता मंद उजेड दिसतो. शिवाय हे काम अगदी कमी विजेच्या इशाऱ्यावर चालत असल्यामुळे अवजड दांडे गेले, आणि प्रेक्षागृहाच्या मागच्या टोकाला बसून मंच समोर पाहत दिवे चालवता येऊ लागले. १९७५ साली ब्रॉडवेवर ‘अ कोरस लाइन’साठी थॅरन मसर यांनी स्मरणशक्ती असलेला संगणकीय फळा वापरला. शेकडो पातळ्या यंत्राच्या लक्षात राहू लागल्या.

तारेचा दिवा मंद करताना आणखी एक गोष्ट आपोआप घडते. हॅलोजनची तार पूर्ण तापली की तिचा उजेड सुमारे ३२०० केल्विन रंगतापमानाचा असतो; वीज कमी केली की ती थंड होत सोनेरी, मग नारिंगी, मग तांबूस होत विझते. मावळणारी संध्याकाळ त्या तारेतच होती. एलईडी मात्र मंद केला तरी त्याच रंगाचा राहतो, नुसता फिका पडतो. चांगल्या एलईडी दिव्यांत आता मंद होताना रंग तांबूस करण्याची सोय मुद्दाम घालतात. युरोपीय संघाच्या वीजबचतीच्या प्रस्तावित नियमांमुळे जुने दिवे बंद पडणार असं दिसल्यावर २०१८ मध्ये तिथल्या नाट्यकर्मींनी मोठी मोहीम उघडून मंचावरच्या दिव्यांसाठी सवलत मिळवली. एलन टेरीचाच आक्षेप नव्या दिव्याबाबत पुन्हा उभा राहिला होता, आणि तो या वेळीही रास्त होता.

पण हे सगळं हवंच का?

सर्वांत जोरदार आक्षेप असा, की श्रेष्ठ नाटकं याशिवायच झाली. ग्रीक शोकांतिका दिवसाउजेडी झाल्या. शेक्सपिअरच्या ग्लोबमध्ये भर दुपारी नट हातात मशाल धरून येई आणि प्रेक्षक रात्र मानत. आपला दशावतार देवळाच्या आवारात साध्या दिव्यांवर रात्र जागवत आला. हे शंभर टक्के खरं आहे. पण त्या रंगभूमींनी प्रकाशाचं काम शब्दांकडे, गाण्याकडे, मुखवट्यांकडे आणि रंगभूषेकडे सोपवलं होतं. दशावतारातल्या भडक रंगरेषा मंद ज्योतीत लांबून वाचता याव्यात अशाच आहेत. जिथे लेखकाने ते काम शब्दांकडून काढून घेतलं आणि पात्रांना गप्प उभं केलं, तिथे प्रकाशाला ते करावंच लागतं. गरज नाट्यप्रकारातून ठरते, श्रीमंतीतून नव्हे.

दुसरा आक्षेप जर्मन नाटककार ब्रेख्टचा. काळोखात बसलेला प्रेक्षक गुंगतो आणि विचार करायचं थांबतो, म्हणून त्याला मंचावर लख्ख पांढरा उजेड आणि उघडे दिसणारे दिवे हवे होते. माझ्या मते हा आक्षेप प्रकाशयोजनेच्या विरोधात जात नाही. दिवे उघडे ठेवायचे, रंग काढून टाकायचा, प्रेक्षकाला भुलवायचं नाही, हीसुद्धा काटेकोर प्रकाशयोजनाच आहे, आणि ती सांभाळायला तेवढाच ताबा लागतो.

तिसरा आक्षेप आपल्याकडे वारंवार ऐकू येतो: पैसा आणि सामग्री असेल तरच हे जमतं. याला प्रकाशयोजनाकार तापस सेन यांचं काम हे उत्तर आहे. १९५९ साली कोलकात्याच्या मिनर्व्हा थिएटरात उत्पल दत्त यांचं ‘अंगार’ आलं. कोळशाच्या खाणीत कामगार अडकले आहेत आणि पाणी चढत चाललंय. मंचावर पाण्याचा थेंब नव्हता. सेन यांनी आजच्या मानाने अगदी साध्या दिव्यांनी ते चढतं पाणी दाखवलं आणि लोक त्या दृश्यासाठी पुन्हा पुन्हा आले. याच सुमाराला ‘सेतु’ नाटकात त्यांनी धावत येणारी आगगाडी नुसत्या प्रकाशाने मंचावर आणली. उलट, आज हलत्या दिव्यांची रांगच्या रांग टांगून नटाच्या चेहऱ्यावर जांभळा-हिरवा धूर सोडणारे प्रयोग दिसतात, तेव्हा सामग्री भरपूर असते आणि निर्णय कोणीच घेतलेला नसतो. यंत्राला शेकडो पातळ्या लक्षात राहतात. कोणती पातळी कोणत्या शब्दावर, हे ठरवायला संहिता वाचलेला माणूसच लागतो.

त्या माणसाला आपल्याकडे सगळ्यांत कमी मिळतो तो वेळ. रंगमंदिरात सकाळ, दुपार, रात्र अशी सत्रं लागलेली असतात. आधीचा प्रयोग उतरला की मोजक्या तासांत सेट लावायचा, दिवे टांगायचे, जिलेटिन बदलायची, कोन साधायचे. त्यात निम्मा वेळ कोणते डिमर चालू आहेत हे शोधण्यात जातो. नव्या नाटकाच्या शुभारंभाआधी प्रकाशाच्या तालमीसाठी एक संपूर्ण सत्र सवलतीच्या दरात द्यावं, आणि चालू डिमरांची यादी दर महिन्याला दारावर लावावी, एवढं तरी रंगमंदिरं चालवणाऱ्या नगरपालिकांनी आणि संस्थांनी करावं. निर्मात्यांनीही अंदाजपत्रकात दिव्यांच्या भाड्याआधी या तालमीचे पैसे धरावेत.